सुटलेला पोंगा

मनालीचा साखरपुडा झाला ते वर्ष. दोन हजार तेवीस संपत आलं होतं, मार्गशीर्ष लागला होता, आणि नाशिकात औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर शेखरनं आपल्या एकुलत्या मुलीच्या साखरपुड्याला दोन्हीकडची मिळून बरीच माणसं जमवली होती. त्या दिवसाच्या फोटोत मालन मधोमध बसलेली आहे, नातीला खेटून, अंगावर मोरपंखी नऊवारी. फोटो काढणारा पोरगा दोनदा म्हणाला, "आजी, तुमच्या डोळ्यांत लाइटचा पिवळा पडतोय, जरा इकडं वळा." मालन वळली, पुन्हा वळली, आणि मग हसून म्हणाली, "राहू दे रे बाबा, पिवळं तर पिवळं, हळदीचं घर हे." सगळे हसले. सावळीरामही हसले. नवरा होऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्या डोळ्यांचा रंग कुठला ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तरी सावळीरामांच्या मनात ते सगळं साखरपुड्यापासून सुरू होत नाही. ते सुरू होतं जानेवारीतल्या एका सकाळी, पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीच्या हिरवळीवर. सव्वीस तारीख जवळ आली होती. झेंड्यासाठी खांबाला रंग दिला होता आणि सोमनाथ माळ्यानं हिरवळ अशी राखली होती की येणारा-जाणारा थांबून बघत होता. सावळीराम रोजच्यासारखे चपला हातात घेऊन दवावर चालत होते. चालता चालता ते वाकले आणि सवयीनं एका गवताचं मधलं कोवळं पातं चिमटीत धरून ओढलं. ही सवय गुरं राखायच्या वयापासूनची. गवताचा मधला पोंगा ओढला की तो जरा अडतो, आतून कुणी धरून ठेवल्यासारखा, मग बारीक आवाज करून तुटतो, आणि त्याचं पांढरं, ओलं, गोडसर बूड दातांखाली धरायचं असतं. त्या दिवशी पोंगा अडला नाही. नुसता आला. जणू कुणी आधीच सोडवून तिथं उभा करून ठेवला होता. त्यांनी त्याचं बूड डोळ्यांजवळ नेलं. ते तपकिरी होतं, मऊ झालेलं, भिजून कुजलेल्या सुतळीच्या टोकासारखं. त्यांनी दुसरा ओढला, तिसरा ओढला, चार पावलं पलीकडं जाऊन तिथला ओढला. सगळे हाताला काही न लागता आले. आणि हिरवळ तर अशी हिरवी होती की दवाचा थेंब न् थेंब तिच्यावर चकाकत होता.

सोमनाथ नळी गुंडाळत होता. सावळीरामांनी त्याला विचारलं, "लॉनवर फवारलं त्याच्या आधी पंपातून काय मारलं होतं रे?"

"आधी? जास्वंदीच्या आळ्यात हरळी लय माजली होती बाबा. तिच्यावर ते गवताचं औषध मारलं. जास्वंदीला काय होत नाय त्यानं. मग लॉनवर युरियाचं पाणी मारलं, झेंड्याला हिरवंगार दिसावं म्हणून. का हो?"

"पंप धुतला होता का मधी?"

"धुतला की. दोनदा खळखळून धुतला." सोमनाथ मान वर करून हिरवळीकडं बघत म्हणाला, "कसं दिसतंय मग? चेअरमनसाहेब म्हणले, सोम्या, गालिचा केला तू."

"चांगलं दिसतंय," सावळीराम म्हणाले. ते सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. एवढं बसून राहण्यासारखं गवताचं काहीच नव्हतं. दोन आठवड्यांनी हे गवत आधी जांभळट पडेल, मग वाळेल, मग चेअरमन ओरडेल, मग नवीन गवत लावतील. ते सगळं त्यांना ठाऊक होतं. बाकावर बसून ते तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीकडं बघत होते. तिथं मालन ओले केस उन्हात सोडून उभी होती, आणि खालून, एवढ्या लांबून, ती अगदी बरी दिसत होती.

डॉक्टर हेच म्हणाले होते. कावीळ म्हणून नेलं तर पोटात निराळंच निघालं. पित्ताची नळी दाबली गेली होती, दाबणारी गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. नळीत जाळी बसवली. मग शेखरला आणि सावळीरामांना बाजूच्या खोलीत बसवून तो तरुण डॉक्टर हळू आवाजात बोलला होता. आता आजींची कावीळ उतरेल, भूक लागेल, रंग परत येईल, तुम्हाला वाटेल की सगळं ठीक झालं. तसं वाटून घेऊ नका. फार तर दोन-अडीच महिने. सावळीरामांनी तेव्हा मान हलवली होती, पण ते बोलणं कानांपर्यंतच पोचलं होतं. घरी आल्यावर मालननं पहिल्याच दिवशी बाजरीची भाकर मागितली, लसणाची चटणी मागितली, आठ दिवसांत डोळे पांढरे झाले, गालांवर उजेड आला, आणि सावळीरामांना मनातून वाटायला लागलं होतं की शिकलेली पोरं कधी कधी चुकतात. आज त्यांच्या हातात तपकिरी बुडाचा पोंगा होता. डॉक्टरला जे समजावता आलं नव्हतं ते त्या पात्यानं समजावलं. हे औषध गवताला जाळत नाही, डाग पाडत नाही, वाकवत नाही. ते पात्यावरून आत उतरतं आणि जिथून नवं पातं जन्मतं ती जागाच मारतं. जुनी पाती आपली हिरवी उभी. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि मग गहू आठवला, आठवणारच होता. मनाली तेव्हा नुकती रांगायला लागली होती. शेती चालू होती, निफाडच्या बाजूला. कांद्यात गवत फार झालं होतं म्हणून ते नवीन निघालेलं औषध आणलं होतं, कांद्याला न शिवता फक्त गवत मारणारं. मालनचा धाकटा भाऊ पुंजाराम विंचूरहून पंप मागायला आला. त्याला गव्हावर जस्ताचं पाणी मारायचं होतं. मालननं विहिरीवर पंप धुतला, पालथा घातला, आणि आपल्या हातानं भावाच्या सायकलीला बांधून दिला. पाण्यानं धुतलं की झालं, असं तेव्हा सगळेच समजत. औषध नळीत, चाळणीत, तोटीत चिकटून बसतं आणि गहू हासुद्धा शेवटी एक गवतच आहे, हा विचार कुणाच्या डोक्यात यायचा? आठवडाभर पुंजारामचा गहू नुसता डुलत होता. नवव्या-दहाव्या दिवशी तो मूठभर पोंगे घेऊन आला आणि बहिणीसमोर ओट्यावर टाकले.

"आक्का, बघ. तू माझा गहू मारला."

"मी धुतला होता रे पंप. देवाशप्पथ धुतला होता."

"धुतला आसशील. नवऱ्याच्या कांद्याला जपलं तसं भावाच्या गव्हाला जपलं का?"

ओट्याभोवती माणसं होती, वाटेकरी, शेजारपाजारच्या बाया. मालननं पदर खोचला आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पुंज्या, तू मुराळी होऊन मला न्यायला येशील तवाच तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवीन. तवर माझं माहेर मेलं." लग्न झालेल्या मुलीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. तो आल्याबिगर बाई जात नाही, निदान मानी बाई जात नाही. पुंजाराम आला नाही. पोरांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या-गेल्या, त्याच्या बायकोच्या दहाव्याला सावळीराम एकटे जाऊन आले, पण मुराळी कुणी आला नाही. ओट्यावर ते बोलणं चाललं होतं तेव्हा सावळीराम कुठं होते? तिथंच होते. खांद्यावर रिकामं पोतं घेऊन उभे होते. नवऱ्यानं आणि मेव्हण्यानं बोलावं की बहीण-भावानं मिटवावं, हे त्यांना कळेना. ते कळेपर्यंत पुंजाराम सायकलीवर टांग टाकून गेला होता.

घरात ठरलं होतं की मालनला सांगायचं नाही. वैशाखात मनालीचं लग्न. शेखर म्हणाला होता, "दादा, आईला कळलं तर ती आतूनच खचेल. लग्नापर्यंत तरी नको." सून तेजस्विनी रडून म्हणाली होती, "त्यांचं मन आनंदी ठेवायचं, बस." सावळीरामांना ते पटलं होतं. बाकावरून उठून वर येईपर्यंत ते पटेनासं झालं. तिच्या अंगात जीव आहे, पायांत चालण्याची ताकद आहे, तोवर तिला विंचूरची वाट धरायला हवी. हे दिवस सरले की नुसतं अंथरूण. पण ती आपणहून जाणार नाही. आणि पुंजारामला आणायचं तर काय सांगून आणायचं?

ते वर आले तेव्हा मालन मटार सोलत बसली होती. त्यांनी आडून विचारलं, "पुंजारामची आठवण येती का गं?"

"येती की. दात दुखला की येती," ती म्हणाली. मग शेंगेतला दाणा तोंडात टाकून, "का? मेला-बिला का काय?"

"काहीतरीच."

"मग आठवण कशी काढली? तुमच्या तोंडात त्याचं नाव म्हणजे." थोडा वेळ तिची बोटं नुसती चालत राहिली. "खालच्या मजल्यावरच्या त्या लताबाई नाहीत का, त्यांची जाऊ आजारी पडली तवा आयुष्यभर न बोललेले सगळे गोळा झाले दवाखान्यात. फळं घेऊन. मी म्हटलं, हे काय माणसाला बघाय आलेत? आपल्या जिवाला टोचू नये म्हणून आलेत. माझ्या वेळी असं कुणी आलं ना, तर मी तोंड फिरवीन भिंतीकडं. आधीच सांगून ठेवते." तिनं टरफलं सुपात झाडली आणि उठून आत गेली. पाठमोरी ती पूर्वीसारखीच ताठ होती.

म्हणजे दोन्ही बाजूंनी दार लागलं. तिला सांगायचं नाही असं घरानं ठरवलेलं, आणि भावाला सांगायचं नाही असं तिनं. सावळीरामांनी तीन-चार दिवस ते डोक्यात फिरवलं. शेवटी शहरातल्या द्वारका चौकात जाऊन विंचूरवरून जाणाऱ्या येवल्याच्या बसमध्ये बसले. घरी सांगितलं, डोळे तपासायला चाललोय. बस शहराच्या गर्दीतून सुटून मोकळ्या रस्त्याला लागली तशी दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसू लागल्या. बागांच्या खाली जमीन अशी नितळ की काडी उगवलेली नाही. बांधांवर मात्र लांब लांब पट्ट्यांत वाळलेलं गवत, कुठं पांढरटलेलं, कुठं तांबूस. कुठल्या औषधानं कुठला रंग येतो ते त्यांना नुसतं बघून कळत होतं. एक औषध दुपारच्या आत पात्यावर भाजल्याचे डाग पाडतं, संध्याकाळपर्यंत गवत उकडल्यासारखं होतं. ते निदान उघड मारतं. एक सावकाश पिवळं करतं, शेंड्याकडून मुळाकडं. आणि एक ते, पोंग्याचं. त्यांना वाटलं, माणसाच्या दुखण्यांचंही असंच असेल. मग वाटलं, असले विचार करत बसण्यापेक्षा तिथं गेल्यावर बोलायचं काय ते ठरवावं. विंचूर आलं तरी ते ठरलं नव्हतं.

पुंजाराम वस्तीजवळच्या गव्हात पाणी भरत होता. साठी उलटून गेली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. फावडं टेकवून तो बघतच राहिला.

"दाजी? वाट चुकला का काय?"

"आलो असाच. मार्केटला काम होतं."

"मार्केटला? तुमचा कांदा पिकतो कुठं आता, तिसऱ्या मजल्यावर?" तो हसला, मग हसणं आवरून त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला आणि बांधावर अंथरला. "बसा. चहा सांगतो."

गहू ओंबीला आला होता, दाण्यात दूध भरत होतं. सावळीरामांचा हात आपोआप जवळच्या ताटाकडं गेला आणि त्यांनी तो मागं घेतला. पुंजारामनं ते पाहिलं. दोघंही गव्हाकडं बघत बसले. चहा आला. अर्धा कप संपल्यावर पुंजाराम म्हणाला, "आक्का कशी हे?"

"बरी हाय. मधी कावीळ झाली होती."

"मग आता?"

"आता उतरली. जेवती-खाती. दिसायला चांगली हाय."

एवढं बोलून सावळीराम थांबले. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते बोललं असतं तर पुंजाराम त्याच पावली, चिखलाच्या पायांनी बसमध्ये चढला असता. पण मग मालननं भिंतीकडं तोंड फिरवलं असतं. ते म्हणाले, "पुंजाराम, एकदा तिला न्यायला ये."

पाण्याचा दंड फुटून पाणी शेजारच्या वाफ्यात चाललं होतं, तिकडंही पुंजारामचं लक्ष नव्हतं. "मी त्या दिवशी लय बोललो दाजी. चारचौघांत. एका हंगामाचा गहू गेला तो गेला, दुसऱ्या साली आला बी. पण बोलणं काय परत घेता येतं?" त्यानं नाक पुसलं. "दरसाली म्हणतो जाऊ. दरसाली लाज वाटती. आता असं करतो, हा गहू निघू द्या. नवा गहू गाडीत टाकून येतो. गव्हावरूनच झालं ना? मग रिकाम्या हातानं कसा येऊ मी तिच्या दारात?"

गहू निघायला शिमगा उजाडणार होता. सावळीरामांनी उभ्या पिकाकडं पाहिलं. कुठला गहू कधी निघेल हे ते झोपेत सांगू शकले असते, आणि मालनचं किती राहिलंय ते डॉक्टरनं सांगितलं होतं. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले, "चालेल. घाई नाय."

परतीच्या बसमध्ये ते शब्द त्यांच्या शेजारी येऊन बसले. मालनचा मान राखायला बोललो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याखाली आणखी काही होतं. ती माहेरी गेली असती तर उरलेले दिवस तिकडं गेले असते. पन्नास वर्षं शेतात, गोठ्यात, पोरांच्या शिक्षणात, नातीच्या डब्यांत गेली होती. दोघांनी काही काम नसताना शेजारी शेजारी बसावं, असे दिवस आत्ता कुठं हाताला लागले होते. ते दिवस सावळीरामांना हवे होते. मरणाऱ्या बायकोचा वेळ आपण आपल्याकडं ओढतोय हे त्यांना निफाड मागं पडताना स्वच्छ कळलं. तरी ते उतरून मागं फिरले नाहीत.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "विंचूरला गेलो होतो. पुंजाराम येणार हाय, मुराळी होऊन. गहू निघाला की."

मालन पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "आपणहून म्हणला?"

"आपणहून."

"खोटं. तुम्ही पाय धरले असतील त्याचे." पण पोळी तव्यावर टाकताना ती गुणगुणत होती, आणि जेवताना मनालीला सांगत होती, "तुझ्या आजीला माहेर हे म्हटलं, काय समजली?" मनाली म्हणाली, "आजी, मग मलापण शिकव ना, सासरी गेल्यावर भाव कसा खायचा." "ते शिकवाय लागत नाय," मालन म्हणाली.

मग ते आठवडे आले. सकाळी गॅलरीत उन्हात दोन खुर्च्या. ती त्यांच्या पायाला तेल लावायची, ते तिच्यासाठी ऊस सोलायचे. ती भलत्याच जुन्या गोष्टी काढायची, पहिल्या वर्षी सासूबाईंनी दळणावरून बोललेलं, शेखर लहानपणी मक्याच्या शेतात हरवला होता ते, आणि हसता हसता पोटावर हात दाबायची. सावळीराम तो हात बघायचे आणि नजर खाली हिरवळीकडं न्यायचे. सव्वीस जानेवारी पार पडली होती. हिरवळ आता जांभळट झाली होती, मग तांबूस, आणि एका सकाळी सोमनाथ कुदळ घेऊन ती खरवडताना दिसला. चेअरमन वरच्या आवाजात विचारत होता की असं एका रात्रीत कसं मेलं. एका रात्रीत! सावळीराम खुर्चीत आखडून बसले. त्यांना सुख होत होतं आणि त्या सुखाची किळस येत होती. अशा माणसाला काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. चोर म्हणावं तर चोरलेलं उन्हात मांडून ठेवलेलं, आणि जिचं होतं तीच शेजारी बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होती.

फेब्रुवारी सरताना तिनं भाकर अर्धी केली, मग चतकोर. केस विंचरताना हात खाली यायला लागला. ब्लाउज ढगळ झाले तर म्हणाली, तेजस्विनीनं धुऊन धुऊन फुगवले. एका दुपारी घरात दोघंच होते. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर माहेरी नेसायचं लुगडं, घडी मोडायची आणि पुन्हा घालायची. घडी घालता घालता, वर न बघता तिनं विचारलं, "अहो, गहू निघोस्तवर मी राहते का?"

सावळीरामांनी उत्तरं तयार ठेवली होती. असं काय बोलतेस, डॉक्टर म्हणाले ताकद येईल, लग्न आहे, नात आहे. पंधरा दिवस ती त्यांनी मनात घोळवली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं आयुष्यभर निंदणी केली होती. कुठलं रोप धरलंय, कुठलं नुसतं उभं आहे, ते तिला बोटांनी कळायचं.

"नाय," ते म्हणाले.

ती घडी सारखी करत राहिली. रडली नाही. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला, थांबला. मग म्हणाली, "किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"जाळी टाकली तवापासून."

"आणि एवढे दिवस तोंड शिवून बसला होता." तिनं त्यांच्या हातावर चापट मारली, जोर नसलेली. "फोन लावा पुंज्याला. म्हणावं, गहू राहू दे. मी चाललेय म्हणून सांगा."

"तूच म्हणायचीस, असं कळून कुणी आलं तर तोंड फिरवीन."

"म्हणायची. तवा मला वेळ होता."

संध्याकाळी शेखर चिडला. "दादा, आपलं ठरलं होतं ना! आणि तिकडं वस्तीवर काय सोय आहे? रात्री काही झालं तर?" मालन आतून म्हणाली, "शेखर, दवाखान्यानं करायचं ते केलं. तू लेक म्हणून केलं. आता मला जाऊ दे बाबा, भांडण राहिलंय माझं एक." तेजस्विनीनं न बोलता पिशवी भरली. गोळ्या, शाल, मोबाइलचा चार्जर.

पुंजाराम दुसऱ्याच दिवशी भाड्याची गाडी घेऊन आला. पांढरा सदरा, नवी टोपी. दारातच त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेना. मालन म्हणाली, "ऊठ की आता. एवढ्या उशिरानं आलास, आणि त्यात बी वेळ घालवतो का?" तो उठला. पिशवीतून त्यानं अर्धवट पिकलेल्या ओंब्या काढल्या. "गहू उभाच हे आक्का. एवढ्याच आणल्या." मालननं एक ओंबी तळहातांत चोळली, फुंकर मारली, चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. तिला मुराळ्यासाठी करायचा तसा गोडाचा स्वयंपाक करायचा होता. तो तेजस्विनीनं केला आणि मालन खुर्चीवर बसून भावाला वाढायला सांगत राहिली. दोघं एकमेकांना टोमणे मारत होते. घरातल्या बाकीच्यांना आपण तिथं नसल्यासारखं वाटत होतं.

मग सगळे खाली आले. मालनला गाडीत पुढं बसवलं, पाठीशी उशी दिली. पुंजाराम दार लावता लावता म्हणाला, "दाजी, तुम्ही बी चला ना."

जावयानं पहिल्या बोलावण्याला हो म्हणायचं नसतं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, अंगात होतं. सासुरवाडीचं माणूस चला म्हणतं, आपण नको म्हणायचं, ते हाताला धरतं, आपण काम आहे म्हणायचं, मग पुन्हा आग्रह, आणि मग नाइलाज झाल्यासारखं जायचं. त्यांच्या बापानं तसंच केलं होतं. सावळीराम म्हणाले, "व्हा तुम्ही पुढं. मी येतो रविवारी."

आणि ते थांबले. पिशवीत टाकायला दोन सदरे लागले असते, तेवढाच उशीर. पुंजारामचं लक्ष बहिणीच्या उशीकडं होतं. इतक्या वर्षांनी आलेला, गडबडलेला माणूस, त्यानं ते शब्द खरेच मानले. "बरं, या मग," म्हणाला आणि वळसा घालून मागच्या सीटवर जाऊन बसला. मालननं काचेतून सावळीरामांकडं पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. नवऱ्याचं हे नको म्हणणं तिनं पन्नास वर्षं ऐकलं होतं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, कदाचित ती म्हणणार होती, अहो बसा की. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सावळीरामांनी एक पाऊल पुढं टाकलं. दारावर हात मारून थांब म्हणणं एवढं सोपं होतं. पण पाहुण्यांच्या गाडीमागं धावणारा म्हातारा म्हणून आपण कसे दिसू, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना अजून वेळ आहे असं वाटत नव्हतं, त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पाऊल जागच्या जागी राहिलं.

ती रोज फोन करायची. तिचा आवाज तिकडं गेल्यावर कोवळा झाला होता. पुंज्यानं आडाजवळची चिंच तोडली म्हणून ती त्याला रागावली होती. भाच्याची पोर तिच्या कुशीत झोपत होती. पलंग ओसरीत टाकला होता, तिथून शेत दिसायचं. "रविवारी येतो," सावळीराम म्हणायचे. रविवारी मनालीचा बस्ता निघाला. लग्नाची कापडं घ्यायला घरातलं वडील माणूस बसायला लागतं. मालननंच फोनवर सांगितलं, "मी नाय तर तुम्ही तरी बसा. व्याह्यांना काय वाटेल? मला काय धाड भरली? या पुढच्या रविवारी." त्यांनी दुकानात गादीवर बसून साड्यांना मान हलवली. मालनसाठीही एक काढली. कुठला रंग घेऊ, असं दुकानदारानं विचारलं तर त्यांना सांगता येईना. मनालीनं निवडली.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा आवाज इतका बारीक होता की त्यांना टीव्ही बंद करायला सांगावं लागलं. ती म्हणाली, "जेवला का?" ते म्हणाले, "जेवलो." ती म्हणाली, "काय केलं होतं?" ते म्हणाले, "मेथी." फोन चालूच होता. तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मागं कुठंतरी पुंजाराम कुणाला तरी हळू बोल म्हणून सांगत होता. त्यांना म्हणायचं होतं, मी आत्ता निघतो. ते म्हणाले, "रविवारी येतोच." ती म्हणाली, "या."

मालनबाई शुक्रवारी, १५ मार्च २०२४ रोजी, सकाळी विंचूरजवळच्या वस्तीवर भावाच्या घरी वारल्या. भाऊ उशाशी बसलेला होता. सावळीराम त्या वेळी नाशिकमध्ये होते.